कशावरूनबाई आणि बंद घरं

शाळेत तपासणीला आलेले साहेब जाता जाता म्हणाले, "मुलं हुशार आहेत हं तुमची." आमच्या नागरिकशास्त्राच्या बाई पटकन बोलून गेल्या, "कशावरून, साहेब?" हेडमास्तरांचा चेहरा पार उतरला. आम्ही त्यांना 'कशावरूनबाई' म्हणायचो ते काही उगाच नाही. देवळातला प्रसाद गोड झालाय म्हटलं, तरी बाई आधी चाखून बघायच्या.

बाई मूळच्या वैशाखऱ्याच्या, आमची शाळा किन्हवलीकडची. इतर वर्गांत नागरिकशास्त्राचा प्रकल्प म्हणजे संसदेचं चित्र कापून चिकटवायचं आणि खाली सुवाच्य अक्षरात काहीतरी उतरवायचं. बाईंना तसला प्रकल्प दिला की त्या तो शांतपणे परत करायच्या. "हे दुकानात मिळतं. तुमच्या गावातलं काय आणलंत?" मग आम्हाला घरोघर पाठवायच्या. जायचं कसं तेही शिकवायच्या. ओट्यावर बसायचं, दिलेलं पाणी प्यायचं, आणि मगच पेन काढायचं. "आल्या आल्या पेन काढलंत तर लोकांना वाटतं, तलाठ्याची माणसं आली."

गोळा केलेली माहिती वर्गात आली की चिंचोके निघायचे. एका मुलामागे एक चिंचोका. शाळेत जाणाऱ्यांचा एक ढीग, न जाणाऱ्यांचा दुसरा. ढीग डोळ्यांना पटेपर्यंत चार्टपेपरला हात लावायची सोय नव्हती. मला तेव्हा तो पोरखेळ वाटायचा. आज कल्याणच्या ऑफिसात मी आकड्यांचे तक्ते करते, आणि अडले की डोळे मिटून ढीगच मांडते.

त्या वर्षी ओढ्यापलीकडच्या वाडीची प्राथमिक शाळा बंद करायची चर्चा होती. म्हणे, तिथे पोरंच नाहीत. प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत ते ठरणार होतं. बाईंनी आम्हाला वाडीत पाठवलं. माझ्या जोडीला कमळी होती. ती वाडीतलीच, पण सरकारी वसतिगृहात राहून आमच्या वर्गात शिकणारी. आम्ही उघड्या घरांत विचारलं, बंद घरं सोडून दिली आणि ढीग मांडले. शाळेत जाणाऱ्यांचा ढीग एवढासा. ज्यांना शाळा बंद करायची होती, त्यांना हवा होता तस्साच.

बाई ढिगाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कमळे, तुझं घर कुठाय गो यात?"

"बंद हाय, बाई. आयबा भट्टीवर गेलेत. बंद घराला काय विचारायचं?"

"आणि तुझा भाऊ?"

कमळीचा धाकटा भाऊ त्याच शाळेत पहिलीला होता, आणि भात झोडून झाल्यावर आईबापाबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेला होता. तिच्या स्वतःच्याच हातून तो ढिगातून सुटला होता.

"कुलूप घराला लागलंय," बाई म्हणाल्या. "माणसं कुठंतरी आहेतच ना? शेजारी विचारा. एका घरी नाय, दोन घरी."

आम्ही पुन्हा गेलो. नव्या चार्टवर प्रत्येक मुलासाठी एक चौकोन होता. शाळेत येणारा रंगवलेला, भट्टीवर गेलेला रिकामा. रिकाम्या चौकोनांची रांग लांबलचक निघाली.

ग्रामसभेत बाई मागे बसल्या. बोलायचं कमळीने असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ती चार्ट घेऊन उभी राहिली. "ही रिकामी चौकोनं हायत ना, ती पोरं भट्टीवर हायत. पावसाला परत येतात. शाळा बंद केलीत तर यायची कुठं?"

एक सदस्य म्हणाले, "हे कशावरून गो?"

"दोन दोन घरी विचारलंय. सगळ्यांची नावं हायत. वाचू?"

तिने वाचली. शाळा चालू ठेवायचा ठराव झाला. तो वर कुणी किती वाचला, देव जाणे. पण जूनमध्ये शाळा उघडली आणि भट्टीवरून आलेली पोरं तिथे बसली.

त्याच पावसाळ्यात बाईंची मुरबाडकडे बदली झाली. निरोप समारंभात नेहमीचीच भाषणं झाली, नेहमीचाच नारळ दिला गेला. बाई निघाल्या तेव्हा फाटकापाशी कमळीची आई उभी होती. तिने बाईंचा हात धरला.

"बाई, आमी नसलो की गावात कोण आमचं नाव घेत नाय. आमी नसताना तुमी आमाला मोजलंत."

बाई तशाच हात धरून उभ्या राहिल्या, आणि आम्ही पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं.