एकोणचाळीस वर्षांचा परीक्षार्थी

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. डॅलसजवळच्या एका शहरात मी पोलीस डिटेक्टिव्ह होतो. एका शनिवारी सकाळी इंग्रजीच्या परीक्षा केंद्रातून फोन आला. परीक्षेला आलेल्या माणसाचा चेहरा पासपोर्टवरच्या फोटोशी जुळत नव्हता. गस्तीवरच्या अधिकाऱ्याने त्याला स्टेशनवर आणलं. नाव मराठी, म्हणून चौकशी माझ्याकडे आली.

आधी परीक्षेबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की आपले बरेच आयटीवाले कॅनडाकडे वळतात. तिथे वय, शिक्षण, अनुभव आणि भाषा यांचे गुण मिळतात. गुणांप्रमाणे क्रम लागतो आणि वरच्यांना कायम वास्तव्यासाठी बोलावणं येतं. तिशीपासून पुढे दर वाढदिवसाला वयाचे गुण घटतात. ती घट कोणी अडवू शकत नाही. वाढवता येतात ते भाषेचे. म्हणून लोक इंग्रजीची परीक्षा पुन्हा पुन्हा देतात.

मी त्याला गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क वाचून दाखवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मराठीत बोलायला लागलो.

"वकील नको. फोटो जुना आहे सर, बाकी काही नाही."

"वय?"

"एकोणचाळीस."

"मुलं?"

"एक मुलगी. थर्ड ग्रेडला आहे."

पत्ता, जन्मतारीख, बायकोचं नाव, सगळं न अडखळता. चेहराही असा की पंचवीस म्हणा, पस्तीस म्हणा. पाठ केलेल्या उत्तरांवर प्रश्नांचा मारा करून उपयोग नसतो, हा माझा अनुभव. मी थांबलो आणि कॉफी आणली.

"साखर?"

"नको काका, थँक यू."

मी तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. आमच्या गणपती मंडळात चाळिशीच्या आसपासचे इंजिनिअर मला दादा म्हणायचे. काका म्हणायची ती फक्त एम.एस. करायला आलेली पोरं.

"एकोणचाळीस वर्षांचा बाप्या मला काका म्हणतो? एवढा म्हातारा दिसतो का रे मी?"

त्याने कप खाली ठेवला.

मग सगळं सांगितलं. तो चोवीस वर्षांचा, शेवटच्या सेमिस्टरला. नागपूरच्या एका इंजिनिअरच्या घरी राहायचा. त्याला तो दादा म्हणायचा. पासपोर्ट त्यांचाच. दादांनी भाडं कधी घेतलं नाही, जेवणही घरचंच. दादांच्या कंपनीत नोकरकपात जवळ आली होती. दादांचे लेखनाचे गुण दोनदा थोडक्यात हुकले होते. "तू माझ्यासारखाच दिसतोस, दोन तासांचं तर काम," एवढंच ते म्हणाले. नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

दादांना बोलावलं. ते बायकोला घेऊन आले. खुर्चीत बसल्याबसल्याच म्हणाले, "पासपोर्ट त्याने ड्रॉवरमधून चोरला, ऑफिसर. आजकाल कुणाचं भलं करायची सोय नाही."

आता प्रश्न त्या पोराचा होता. हे विधान टिकलं असतं तर त्याच्यावर चोरीचाही आरोप लागला असता, आणि तुरुंगातून तो थेट परत पाठवला गेला असता.

नवराबायकोचे जबाब वेगवेगळे घ्यायचे हा नियम. वहिनी दुसऱ्या खोलीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याविरुद्ध बोलायची तुमच्यावर सक्ती नाही, हे त्यांना आधी सांगितलं. मग विचारलं, "तो मुलगा केंद्रावर गेला कसा?"

टेक्सासमध्ये हा साधा प्रश्न फार कामाचा असतो. गाडीशिवाय इथे दूधही आणता येत नाही.

"त्याच्याकडे कुठे गाडी आहे?" त्या म्हणाल्या. थोडं थांबल्या. "यांनीच ड्राइव्ह करून सोडलं. मी पोहे करून दिले दोघांना. तो चोर नाही हो, साहेब."

पार्किंगच्या कॅमेऱ्यात दादांची गाडी सापडली. मग दादांनीही कबूल केलं.

वहिनी निघाल्या तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, तुमचे गुण किती होतात? त्या एकतीस वर्षांच्या, एम.टेक. झालेल्या, इथे नोकरी करणाऱ्या.

"माझे? माझे कुणी काढलेच नाहीत. अर्ज यांच्याच नावाने करायचा, असंच धरून चाललो होतो."

नवराबायकोपैकी कोणीही मुख्य अर्जदार होऊ शकतो. पुढे त्यांनी हिशेब केला तेव्हा वहिनींचे गुण नवऱ्यापेक्षा बरेच जास्त निघाले. पण तोवर नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला होता, आणि अर्जात घरातल्या प्रत्येकाची चौकशी होते.

नव्या अधिकाऱ्यांना मी नंतर सांगत असे की समोरचा माणूस चांगला की वाईट, हे ठरवत बसू नका. त्याला कशाची भीती आहे ते शोधा. दादांनी त्या पोराला वर्षभर जेवू घातलं, ते मनापासूनच होतं. त्याच माणसाने एका सकाळी त्याला चोर ठरवलं.

चोरीचा आरोप लागला नाही. दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसल्याचा राहिला. त्यात कॉलेज गेलं, व्हिसा गेला आणि डिग्री अर्धवट राहिली.

जामिनावर सुटला त्या दिवशी तो काउंटरवर आपला बेल्ट आणि फोन घ्यायला आला. मला बघून थांबला.

"काका, मी चोर नाही हे दादांनी सांगितलं ना?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"वहिनींनी सांगितलं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि खाली बघून बेल्ट लावायला लागला.