आप्पांच्या खणातली फ्लॉपी

स्वतःला न झेपलेलं तत्त्व तुम्ही कधी म्हाताऱ्या माणसाकडून पाळवून घेतलंय? मी घेतलंय.

पलूसचे आप्पा गेल्याचा फोन साताऱ्यात माझ्या शेजारच्यांकडे आला, त्याला आता महिना झाला. आप्पांनी सांगलीच्या छापखान्यात हयातभर अक्षरांचे खिळे जुळवले. माझ्या वडिलांची चळवळीची सगळी पत्रकं त्यांच्याच हातची. त्यांवर बोट ठेवून मी वाचायला शिकले. त्यांचा एक नेम होता. दुसऱ्याच्या जुळणीला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. चूक ढळढळीत दिसत असली तरी आधी निरोप धाडत, मग खिळा बदलत.

निवृत्तीनंतर त्यांना एकच पुस्तिका करायची होती... वस्तीतून पहिल्यांदा शाळेत गेलेल्या बायकांच्या हकिकती. मी एक जुना कॉम्प्युटर मिळवला आणि त्यावर लिनक्स घालून दिलं, कारण त्याच्या आतलं सगळं लिखाण कुणालाही वाचता येतं, बदलता येतं. पण पडद्यावर चित्र उमटवणारं त्यातलं ग्राफिक्स कार्ड नीट चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, कार्डाच्या कंपनीचा होता. फुकट मिळे, पण आत काय लिहिलंय ते कंपनी दाखवत नसे. तो नसला की पडद्यावर ढोबळ, थरथरती अक्षरं. आप्पांच्या भाच्याने तो पुण्याहून फ्लॉपीवर आणला.

“घालू का गं ह्यो?” आप्पांनी विचारलं.

“आवं आप्पा, बांधून ठेवलेली पोथी आहे ती! पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी आपल्याला वाचू दिलं नाही, त्यांचीच रीत आपण घरात घ्यायची?”

“लय बरोबर बोललीस, मास्तरीणबाई. पन अक्षरं नाचत्यात गं. निस्ता तमाशा मांडलाय त्येंनी.”

“सवय होईल.”

“व्हय. तुजं काय, डोळं नवं हायती.”

दोनच महिन्यांत साताऱ्यात माझ्या कॉम्प्युटरवर मी तोच ड्रायव्हर घातला. डोकं दुखायचं, एवढंच कारण. आप्पांना कळवलं नाही. उलट पुस्तिका रखडली तेव्हा पत्रात लिहिलं, “आळस सोडा.” उत्तर आलं, “करतो.”

पलूसला आप्पांचा जलदानविधी झाल्यावर त्यांच्या पत्नीने, काकींनी, कॉम्प्युटरच्या टेबलाचा खण उघडला. “दुपारभर बसायचं, मग वला फडका डोळ्यावर ठिवून पडायचं. म्हनलं, घाला की ती तबकडी. तर म्हनायचं, जुळणी पोरीची हाय, तिला इचारल्याबिगर न्हाई.”

खणात फ्लॉपी होती. वर त्यांच्या रेखीव अक्षरात चिठ्ठी: ‘सुजाताला पुन्हा विचारणे.’

मी तिथेच बसून ती घातली. अक्षरं शांत उभी राहिली. पुस्तिका उघडली. अकरावं पान त्यांच्या आईच्या हकिकतीचं होतं, अर्ध्या वाक्यावर थांबलेलं... ते वाक्य पुरं करणारं आता कुणी नाही.

बंद ड्रायव्हर मला आजही मान्य नाही. त्याविरुद्ध मी लिहीत राहीन, पण माझ्या डोळ्यांच्या जोरावर, दुसऱ्याच्या नव्हे. तुम्हीही कुणाला असं यंत्र मांडून दिलं असेल, तर या आठवड्यात त्यांच्या घरी जा. त्यांच्या खुर्चीत बसून पडदा पाहा. आणि तुमच्या होकारासाठी त्यांनी खणात काही ठेवलंय का, ते तुम्हीच विचारा.