ठोकेमामा आणि व्याह्यांचा प्लॉट

ठोकेमामांना खऱ्या नावानं हाक मारली तर ते वळूनही बघायचे नाहीत. नदीच्या मुखाशी गाळावर वाढलेल्या शहरात ते जमीन तपासायचे. जड हातोडा लोखंडी नळीवर आपटायचा आणि नळी फूटभर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. बस्स, एवढंच काम! तीस लागले तर जमीन पक्की, पंधरा लागले तर चालेल. सवय अशी जडली होती की मामा जिना चढतानाही आकडे पुटपुटायचे.

अशात व्याह्यांनी खाडी बुजवलेल्या प्लॉटवर तीन मजले चढवायचं ठरवलं. माती तपासायला कोण? घरचेच मामा! आणि तळमजल्यावर राहणार कोण? मामांची एकुलती एक लेक. आता आली का पंचाईत! दुसऱ्याच ठोक्याला नळी फूटभर आत. मामांनी जागा बदलली, तर तिथे तीन.

"हातोडा जड दिसतो तुमचा," व्याही म्हणाले. "पंधरा लिहून टाका. घरातलाच मामला आहे."

मुलीचा बाप काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मामा दोन दिवस धड जेवले नाहीत.

"गावभर वाघ, आणि व्याह्यांपुढे मांजर!" बायको कडाडली.

तिसऱ्या दिवशी मामा बादली घेऊन व्याह्यांच्या बैठकीत हजर. बादलीत त्याच प्लॉटची ओली रेती, वर उभी वीट.

"ही तुमची इमारत," मामा म्हणाले, "आणि हा भूकंप." त्यांनी बादलीला बाहेरून थापट्या मारल्या. रेती पिठल्यासारखी पातळ झाली, पाणी वर आलं, वीट कलली आणि गडप!

"तुमची बादलीच फसवी आहे," व्याही म्हणाले.

विहीणबाईंनी तरातरा जाऊन स्वतःची बादली आणली. रेती तीच, वीट तीच. या वेळी थापट्या खुद्द व्याह्यांनी मारल्या, त्याही अगदी हळूच. वीट पुन्हा गडप.

"घट्ट जमीन किती खाली आहे?" व्याह्यांनी विचारलं.

"साठ फूट. खांब तिथपर्यंत न्यावे लागतील. मजले कमी करा, पण खांब पुरे साठ फूट." मामांनी बादली व्याह्यांपुढे सरकवली. "अहो, त्या घरात माझी लेक झोपणार आहे!"

व्याही ताडकन उठले. "तुमची लेक? सहा वर्षं माझ्या शेजारी बसून जेवते ती! मी पंधरा लिहा म्हणालो, तेव्हाच माझ्या थोबाडीत का नाही दिलीत?"