डिंकवहिनींची गोळी

आमच्या जिन्यात बातमी पोचवायला माणूस लागत नाही, वरचं दार किलकिलं असलं की पुरे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं 'डिंकवहिनी' हे नावही असंच पायऱ्या उतरत खाली आलं. ठेवलं त्यांच्या सख्ख्या नणंदेनं. वहिनी औषधांच्या कंपनीत रसायनतज्ज्ञ. काम काय करता, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आजार चालवणारं एक प्रोटीन असतं. त्याच्या खाचेत औषध चिकटवायचं."

"हिच्या भाजीला मीठ चिकटत नाही, औषध काय चिकटणार!" इति नणंद.

नणंदबाई बसस्थानकावर घोषणा करायच्या, त्यामुळे घरातला टोमणाही सगळ्या फलाटांना ऐकू जाईल अशा बेतानं निघायचा. रोज जेवताना एकदा "मीठ आण गं!" झालं की आम्ही खाली घास घ्यायला मोकळे. दोघींच्या मध्ये वहिनींचा नवरा वर्तमानपत्राची भिंत बांधून बसे. शहाणा माणूस.

मग नणंदेला रक्ताचा कर्करोग निघाला, आणि तिला लागू पडणारी गोळी निघाली नेमकी वहिनींच्या प्रयोगशाळेतली. गोळी सुरू झाली, रक्त सुधारलं. पण एक पंचाईत झाली. टोमणे बंद! जिच्या गोळीवर जगायचं तिला बोलायचं कसं? नणंद गुपचूप उठून स्वतःच्या हातानं मीठ घेऊ लागली. जिना अगदी ओस पडला.

पुढे रक्त पुन्हा बिघडलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आधी वहिनींना बोलावून घेतलं. "मी सांगते त्यांना," वहिनी म्हणाल्या, आणि सांगितलंच नाही. नणंद सकाळी नाश्त्यानंतर "तुझी गोळी घेते हं" म्हणून गोळी गिळायची, वहिनी पाण्याचा पेला भरून द्यायच्या. गोळीचा आता काडीचा उपयोग नव्हता.

हे मला वहिनींनीच सांगितलं, आमच्या दारात उभं राहून, हातातली पिशवी खाली न ठेवता. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ, स्वतःभोवतीच गुंडाळलेली. गुंडाळीत खाच राहते. खाचेच्या तोंडाशी थ्रिओनिन नावाचा मणी होता. त्याच्या टोकाच्या ऑक्सिजनला गोळीतला नायट्रोजन धरायचा, गोळी आत बसायची, प्रोटीन गप्प. आता आजारी पेशींत बदल होऊन त्या जागी आयसोल्यूसिन हे दुसरंच आम्ल आलं होतं. त्याला नुसते कार्बनचे फाटे. धरायला काही नाही, वर अंगानं रुंद. दारातच बूड टेकून बसलेल्या पाहुण्यासारखं, आत कुणाला जाऊ देत नाही.

"तुमचा काय दोष त्यात?" मी म्हणालो.

"गोळी ठरवायची होती तेव्हा दोन रेणू तयार होते," त्या म्हणाल्या. "एक थ्रिओनिनला घट्ट धरणारा. दुसरा त्याला वळसा घालून बसणारा, पण सैल. मी बैठकीत घट्टवाल्यासाठी भांडले. आमच्यात घट्ट तेच चांगलं. दुसरा फ्रीझरमध्ये गेला. परवा बाहेर काढला, बदललेल्या प्रोटीनवर घालून पाहिला. चिकटतो."

"मग? काय वाटलं?"

"काही नाही. हातमोजे काढले. जेवायची सुट्टी झाली होती, जेवले."

पाच-पन्नास जणांच्या घरच्या भानगडी मी चघळल्या आहेत, पण या वेळी नुसता त्यांची पिशवी घ्यायला हात पुढे केला. वहिनी पिशवी सावरत वर गेल्या. दार किलकिलंच राहिलं.

त्या रात्री खाली-वर जेवणं चालू होती. वहिनींचा आवाज आला, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा.

"ताई, उद्यापासून ती गोळी घेऊ नका."

"का? बरी झाले?"

"नाही. ती आता चिकटत नाही."

वर्तमानपत्र मिटल्याचा आवाज झाला.

"दुसरी नाही?"

"आहे. मीच तेव्हा बाजूला ठेवली होती. पण माणसाला द्यायला वर्षं लागतील. अजून उंदरांनासुद्धा दिलेली नाही. डॉक्टर दुसरं काहीतरी सुरू करतील, त्यानं थोडे दिवस निघतील."

"आणि तुझी ती दुसरी येईपर्यंत?"

"नाही निघायचे, ताई."

इकडे आमची ही घास हातात धरून छताकडे बघत बसलेली.

मग एकदम घोषणा झाली, शेवटच्या फलाटापर्यंत जाईल अशी.

"तरी मी सांगत होते! जिच्या भाजीला मीठ चिकटत नाही, तिचं औषध काय चिकटणार! बघतेस काय अशी? मीठ आण!"

खुर्ची सरकली. वहिनी उठल्या असाव्यात. मिठाची बरणी टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं.

"झाकण उघडून दे. घट्ट बसलंय," नणंद म्हणाली. या वेळी हळू.