तिसरी हाक

लोकांना घाबरवणं हा धनंजयचा पोटापाण्याचा धंदा, आणि स्वतः मात्र तो जन्माचा भित्रा. केळझरच्या शेतकऱ्याचं पोर. नागपुरात शिकला, जपानी भाषेचा क्लास लावला आणि ओसाकाच्या एका कंपनीत लागला. नाणं टाकून उभ्यानं खेळायचे मोठे व्हिडिओ गेम ही कंपनी बनवते. सुरुवातीला दिवसभर यंत्राची बटणं दाबून कुठलं अडकतं ते पाहायचं, एवढंच त्याचं काम. पुढे पडद्यावरच्या भुतांना चालायला शिकवणं आलं, मग त्यांचे आवाज. अशी दहा-बारा वर्षं गेल्यावर साहेबांनी त्याला स्वतःचा गेम करायला दिला. तिकडे असे गेम खेळायची दुकानं भराभर बंद पडत होती. हा गेम चालला नाही तर विभागच गुंडाळू, हेही सांगून ठेवलं.

धनंजयनं गेममध्ये केळझरची भीती घातली. लहानपणी त्याची माय, कोकिळाबाई, बजावायची, "भर दुपारी वावरात कोणी हाक मारली तं लगेच ओ देऊ नको. भूत दोनदाच हाक मारते. तिसरी मारली तं माणूस समजजो." गेममध्येही तेच. ओसाड शेतात हाक येते. तिसरीच्या आधी ओ द्यायचं बटण दाबलं की खेळाडू मेला.

मे महिन्यात तो सुट्टीवर गावी आला, तेव्हा हाकेचा आवाज तेवढा भरायचा राहिला होता.

"माय, माझ्या नावानं दोनदा हाक मार अन् थांब."

"काऊन? मी भूत आहो का?"

"मशीनमंधी टाकाची आहे."

"म्हंजे मी मेल्यावरबी थे मशीन तुले बलावत राह्यल? नाई रे बाप्पा!"

शेवटी पोरासाठी तयार झाली. "धनाऽ... धनाऽ..." म्हणाली आणि थांबली. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बंद होताच तिनं घाईघाईनं तिसरी हाक मारली. "अर्धवट नाई सोडू," म्हणाली.

त्यानं तो आवाज गेममध्ये भरून पाठवला. ओसाकातल्या एका दुकानात गेम चाचणीसाठी लागला आणि साहेबांचा फोन आला. लोक एकदा दचकतात, मग नियम कळतो, शांत उभे राहतात. दुसरं नाणं कोणी टाकत नाही. रविवारपर्यंत काही सुचलं तर बघ.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो त्याच काळजीत ओसरीवर बसला होता. लाइन गेलेली, कूलर बंद.

"धनाऽ..."

हाक मागच्या अंगणातून आली. त्यानं आधी लॅपटॉपकडे पाहिलं. मिटलेला होता.

"धनाऽ..."

ही पहिलीपेक्षा बारीक. ओठावर आलेला ओ त्यानं गिळला आणि तिसरीची वाट पाहू लागला. अंगणात ऊन रखरखत होतं, कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. तिसरी हाक येईना. भूत असेल तर जायचं नाही. पण भूत नसेल तर?

"ओऽ माय, आलो!" म्हणत तो धावला.

माय न्हाणीच्या दाराशी कलंडली होती, डोळे पांढरे झालेले. ऊन लागलं होतं. सेलूच्या दवाखान्यात सलाइन लागली. संध्याकाळी ती बोलली, "दोनदा हाक मारली रे. तिसरीले दम नाई राह्यला. भुताले भेला का मायले?"

धनंजय तिच्या उशाची पाण्याची बाटली भरून आणायला उठला.

त्याच रात्री दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप उघडून त्यानं गेम बदलला आणि ओसाकाला पाठवला. दोन हाकांवर थांबणारं कधी भूत असेल, कधी दम संपलेली माय. ओ दिला नाही तर ती मरेल. कोण आहे, हे ओळखायची खूण ठेवली नाही.

रविवारी यंत्रापुढे रांग लागली. घामेजल्या हातांनी माणसं पुन्हा पुन्हा नाणी टाकत होती. विभाग वाचला.

आता ओसाकाच्या ऑफिसात ते यंत्र दिवसभर चालू असतं. पहिली हाक आली की धनंजय हातातलं काम टाकून मोठ्यानं "ओ" म्हणतो. सोबतचे आधी हसायचे. आता हसत नाहीत. कारण लगेच तो केळझरला फोन लावतो, आणि पलीकडून कोणी उचलेपर्यंत त्याचा चेहरा त्यांना बघवत नाही.