उस्ताद, नाक उचलतंय

शेवटची पोस्टिंग नगरला मिळाली तेव्हा मी खूश होतो. घर मिरजगावला, सुट्टी मिळाली की एसटीनं दुपारपर्यंत दारात. मी हवालदार, वाहन दुरुस्तीतला. अठरा वर्षं ट्रकखाली पाठ घासलेली. त्यामुळं गाडीतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

युनिटच्या वर्धापनदिनासाठी दोन जुन्या स्टाफ कार तयार करायच्या होत्या. गोल बोनेट, जाड पत्रा, दोन्ही अगदी सारख्या. त्यांतली एक सरळ रस्त्यावर ताशी एकशे दहानं पळवून दाखवायची होती. ०५३० ला पीटी, ०७०० ला शेड, ०९०० ला ट्रायल. इंजिन मी बघायचो, गाडी माझ्या हाताखालचा नाईक दत्तू रोकडे चालवायचा. तो कोपरगावचा. घरचा ऊस, मिसरूड फुटायच्या आधीपासून ट्रॅक्टरवर बसलेला. कामाला वाघ, आणि हसरा. मला त्याचा लळा होता, पण तसं दाखवायची आमच्यात पद्धत नाही.

ऐंशीपर्यंत गाडी गुणी. नव्वदला भरकटायला लागायची. एका ट्रायलनंतर दत्तू खाली उतरला.

"उस्ताद, नाक उचलतंय. स्टेअरिंग हाताला लागतच न्हाई."

"मागचं हलकं हाय. डिकीत वाळूच्या गोण्या टाक."

"मागं नगं. उसाची ट्रॉली जड झाली की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. वजन पुढं बांधू."

"हा काय ट्रॅक्टर हाय का? टाक म्हनलं ना."

"जी, उस्ताद."

रिकाम्या ट्रकचं मागचं उडतं, तिथं आम्ही गोण्याच टाकतो. तीच अक्कल मी कारला लावली. खरी गोष्ट वेगळी होती. वेगात हवा बोनेटवरून आणि टपावरून झपाट्यानं पळते, तिथला दाब कमी होतो. नाकाखाली शिरलेली हवा कोंडते आणि गाडीला वर ढकलते. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. जुन्या गाड्या घडवताना याचा फारसा विचार नसायचा. पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकलेली राहतात, आणि मी डिकी भरून ती आणखी हलकी केली होती. हे सगळं मी नंतर पुस्तकात वाचलं. दत्तूला ते हातांनी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ०९१० ला मी रस्त्याकडेला वायरलेस सेट घेऊन उभा होतो. दुसरा सेट गाडीत डॅशबोर्डवर बांधलेला होता.

"स्पीड सांग. ओव्हर."

"नव्वद. लई हलकी हाय. ओव्हर."

"चालू ठेव. ओव्हर."

"शंभर."

तेवढ्यात आडवा वारा आला. गाडीची पुढची चाकं रस्त्याकडे वळलेली मला स्पष्ट दिसली. गाडी मात्र वाऱ्याबरोबर गेली आणि नाल्याच्या कठड्यावर आदळली. मी पळालो. ०९४० ला एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

पहिल्या रिपोर्टात लिहिलं गेलं, ड्रायव्हरचा ताबा सुटला. कोपरगावकडं तर उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरगं शायनिंग मारायला गेलं आणि मेलं, असं लोक बोलत होते. ते माझ्या कानावर आलं त्या दिवशी ठरवलं, दत्तूच्या नावावरचा हा डाग पुसल्याशिवाय वर्दी उतरवायची नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत चौकशी करणाऱ्या मेजरसाहेबांपुढे उभा राहिलो. "साहेब, वजन मागं टाकायचा हुकूम माझा होता. तो पुढं टाकू म्हणत होता."

"त्यामुळं गाडी उडाली, याला पुरावा?"

"दुसरी गाडी द्या. मी चालवतो."

"एक माणूस गेलाय, हवालदार."

"नव्वदच्या पुढं जाणार नाही, साहेब."

तीन दिवस त्यांच्या दारात उभा राहिलो. चौथ्या दिवशी परवानगी मिळाली. पुढच्या अॅक्सलला पेन्सिल बांधली, तिच्यासमोर बॉडीला पुठ्ठा. नाक जेवढं उचलेल तेवढी रेघ पुठ्ठ्यावर उमटणार. आधी गोण्या डिकीत. नव्वदला स्टेअरिंग हातात मोकळं फिरायला लागलं आणि मी घाबरलो, ते कबूल करतो. खाली उतरून पाहिलं तर रेघ दोन बोटं. मग त्याच गोण्या पुढं बांधल्या. रेघ अर्ध्या बोटाची. मेजरसाहेबांनी दोन्ही पुठ्ठे फाइलला लावले. दत्तूवरचा ठपका निघाला. मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे नोंदीवर कडक ताकीद, मिळाली. कमीच होती.

त्या आठवड्यात वर्दीवरच कोपरगावला गेलो. दत्तूच्या वडिलांना, अण्णांना, सगळं सांगितलं.

"त्यानं सांगितलं हुतं तुमाला?"

"सांगितलं हुतं."

"मंग ऐकलं का न्हाई?"

"मी हवालदार हुतो, अण्णा. तो नाईक."

अण्णा उठले. मग त्यांनी पायात चपला घातल्या. "चला. काट्यावर ट्रॅक्टरवाली मानसं बसल्यात. त्यास्नी सांगा."

साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. मी सावधान उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "मागं वजन टाकल्यावर तोंड उचलनारच. हे आमच्यातल्या बारक्या पोराला बी कळतं."

"व्हय," मी म्हणालो. "दत्तूलाबी कळत हुतं. मला न्हाई कळलं."

आता अण्णाही नाहीत. तरी कारखान्याचं गाळप सुरू झालं की मी दरवर्षी त्या काट्यावर जातो. ड्रायव्हर नवे असतात, दत्तू रोकडे कोण हे त्यांना ठाऊक नसतं. मी त्याचं नाव, रँक आणि गाव सांगतो, आणि गोण्या डिकीत टाकायला कुणी लावल्या, हेही सांगतो.