धायटीचा उतार

काल वैद्याने आसवाची बाटली उघडली. धायटीच्या फुलांचा आंबूस वास आला आणि मी सोनाळा गावाच्या वरच्या उतारावर जाऊन पोचलो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. मलकापूरच्या रंगाऱ्याला मी घासाघीस करून शब्द दिला होता, होळीआधी दोन गाड्या फुलं. भरली होती एकच.

फुलं खुडणारी कोरकू झिंगीबाई प्रत्येक झुडपाच्या अर्ध्या फांद्या तशाच सोडत होती.

"काऊन सोडून राह्यली?" मी ओरडलो.

"अर्धी झाडाची असतेत, शेठ. आमची रीत हाये."

"रीत गेली उडत! फांद्या तोडून गाडी भर."

"मंग पुढच्या साली काय तोडसान? मान्सं?"

बरोबर खुडणाऱ्या बायका हसल्या. तिचं म्हणणं मला पटलं होतं. पण आता माघार घेतली असती, तर सगळा बाजार मला हसला असता.

"तोड!" मी म्हणालो.

तिने कोयता उचलला. दुपारपर्यंत तो लालभडक उतार उघडा पडला. पुढे कोवळे फुटवे गुरांनी खाल्ले, आणि धायटी तिथे परत आली नाही.

गाव अजून मलाच बोल लावतं. माझा राग मात्र झिंगीबाईवर आहे. तिने एकदाच का अडवलं? दुसऱ्यांदा अडवलं असतं, तर मला थांबायला निमित्त मिळालं असतं.